बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवरचं पडकं बांधकाम किल्ल्याचं आहे का?

नाही, तो किल्ला नाही. ते पोर्तुगीजांच्या काळातल्या फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाच्या मठाचे आणि धर्मशिक्षणाच्या कॉलेजचे अवशेष आहेत. जाड दगडी भिंतींमुळे बरेच जण फसतात, पण तोफांसाठी बुरूज कुठेच दिसत नाहीत. सोळाव्या शतकाच्या मध्यात अंतोनियो दो पोर्तो या धर्मगुरूने इथे मठ वसवला आणि खालच्या शैव लेण्याचंच चर्च केलं. त्याची खूण अजून शाबूत आहे: लेण्याच्या अंगणात बाजूच्या भिंतीवर, जुनं शिल्प तासून कोरलेला मोठा क्रूस. आत मात्र नटराज बराचसा टिकून आहे, तो चुकवू नका. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, या भागातली पोर्तुगीज सत्ता संपली आणि मठ ओस पडला. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये या जागेचं वर्णन आहे. फक्त एक लक्षात घ्या, मठ आणि लेणं एका काळातले नाहीत. लेणं मठाच्या कितीतरी शतकं आधीचं, आणि कान्हेरीसारखं बौद्ध नव्हे. बोरिवलीतल्याच आय. सी. कॉलनी या वस्तीच्या नावातल्या ‘आय. सी.’चा उगमही इथलाच, इमॅक्युलेट कन्सेप्शन हे चर्चचं नाव.