स्क्रू ड्रायव्हर कानाला लावणारा मुलगा

इचलकरंजीच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, ६४ टक्के, आणि त्याला यंत्रांच्या कंपनांचा अभ्यास करायचाय. 'बेअरिंग बदलणं हे फिटरचं काम. आता तर सेन्सर लावला की मशीनच सगळं सांगतं. त्याला कॉम्प्युटरकडे वळवायचंय, तुम्ही समजवा.'

समजावतो, पण कोणाला ते बघू. दीड पानाच्या पत्रात मुलगा दोनदाच भेटतो. एकदा टक्केवारीत आणि एकदा यंत्रमागाच्या मोटरीला स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावतो, 'लोक हसतात', तिथे. बाकी सगळा पुण्याला आयटीत असलेला पुतण्या. 'आम्ही घरात ठरवलंय' म्हणता. त्या 'आम्ही'त मुलगा मला कुठे सापडला नाही. वीस वर्षांचा पोरगा मोटरीला कान लावून बसतो, त्याला काय ऐकू येतं हे एकदा तरी विचारलंत का? लोक हसले याची लाज तुम्हाला वाटली. त्याला वाटलेली दिसत नाही, नाहीतर त्याने कधीच सोडलं असतं.

सेन्सरचं मात्र नीट ऐका. शाफ्टला फिरता आधार देणारं साधं ६२०५ क्रमांकाचं बेअरिंग घ्या, आत ९ बॉल. मोटर १४४० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. आउटर रेसवर, म्हणजे बॉल ज्यावरून धावतात त्या बाहेरच्या कड्यावर, मोहरीएवढा खड्डा पडला की त्यावरून जाणारा प्रत्येक बॉल ठोका देतो, सेकंदाला साधारण ८६. तोच खड्डा इनरवर, म्हणजे आतल्या कड्यावर, असेल तर १३० च्या आसपास. त्यातही इनर शाफ्टबरोबर फिरते, त्यामुळे खड्डा भाराखाली आला की ठोका जोरात, भारातून सुटला की क्षीण. सुरुवातीला हे ठोके मोटरीच्या एरवीच्या थरथरीत बुडून जातात. ठोक्यासरशी बेअरिंग आणि त्याभोवतीचं हाउसिंग काही हजार हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला काही हजार वेळा, झणझणतं, तेवढा पट्टा गाळून घेतला तर हाती लागतात. आणि खरी गोम पुढे आहे. खड्ड्याच्या धारदार कडा बॉलखाली दबून गुळगुळीत झाल्या की कंपन काही काळ चक्क उतरतं. पडद्यावरचा आकडा बघणारा म्हणतो, बेअरिंग सुधारलं. बेअरिंग सुधारत नसतं, खड्डा पसरत असतो. त्या दिवशी 'मशीन थांबवा' म्हणायला हे ओळखणारा माणूस लागतो, आणि तो फिटरही नव्हे, सेन्सरही नव्हे.

आता मुलासाठी. बाबा रे, नुसता कान पुरणार नाही. गणितात एकदा विषय राहिला होता, असं वडिलांनी जाता जाता लिहिलंय. मला टक्क्यांपेक्षा तेच खटकलं. फूरियेचं गणित, म्हणजे गुंतलेल्या कंपनातून एकेक वारंवारता सुटी करायची रीत, समजल्याशिवाय या कामात तू कायम दुसऱ्याने काढून दिलेले आलेख बघत बसशील. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशाची वाट तुला ठाऊक असेलच. आयएसओ १८४३६-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कंपन विश्लेषकांच्या चार श्रेण्या असतात, त्यांना अनुभव लागतो, ते नंतर. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र आत्ताच शीक. वडिलांचं कॉम्प्युटर तेवढ्यापुरतं बरोबर आहे.

आणि साहेब, पुढचं पत्र मुलाच्या हातचं येऊ द्या. पाठवण्याआधी वाचू नका. पुतण्याची खुशाली वेगळ्या पाकिटात कळवलीत तरी चालेल.