आधी सेव्हचं बघ

भाऊ, ब्राउझरमध्ये तू बनवतोयस त्या प्रोग्राममध्ये पडद्यावरचा चौकोन ओढता येतो, त्याचा कोड चालू असतानाच बदलता येतो, इथवर भारी. आता रंगरंगोटी थांबव, आधी केलेलं काम सेव्ह होऊ दे. परभणीत मी आठवडाभर माझ्या प्रोग्रामचे मेनू सजवत बसलो, लाईट गेली अन् सगळं मातीत.

सेव्ह करायला नुसत्या जेसनवर (डेटा मजकुरात लिहायची पद्धत) विसंबू नको. ते फंक्शन गुपचूप गाळतं. बाप ऑब्जेक्टकडं (ऑब्जेक्ट म्हणजे चौकोनासारखी प्रोग्राममधली वस्तू) पोर ऑब्जेक्टचा अन् पोराकडं बापाचा संदर्भ असला की थेट एरर. प्रत्येक ऑब्जेक्टला नंबर दे, संदर्भाच्या जागी तोच लिही, मेथडचा (ऑब्जेक्टच्या फंक्शनचा) कोड मजकूर म्हणून ठेव. साठवायला ब्राउझरमधला डेटाबेस इंडेक्स्डडीबी वापर, ब्राउझरचंच साधं लोकल स्टोरेज ५ एमबीच्या आसपास हात वर करतं.

डॅन इंगल्स यांचं लाइव्हली कर्नल बघ. मूळचा स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेवाला माणूस, हेच ब्राउझरमध्ये करून बसलाय.