वाचकांचे प्रश्न : वर्णपटावरून दीर्घिकांची अंतरं

प्रश्न : एखादी दीर्घिका अमुक अब्ज प्रकाशवर्षांवर आहे, हे नुसत्या वर्णपटावरून कसं सांगतात?

उत्तर : वर्णपटातून अंतर थेट निघतच नाही. निघते ती ताम्रसृती (रेडशिफ्ट), म्हणजे वर्णपटातल्या रेषा तांबड्या बाजूकडे किती सरकल्या त्याचं प्रमाण. अंतर पुढे हिशेबाने काढावं लागतं. हायड्रोजनची तांबडी एच-अल्फा रेषा प्रयोगशाळेत ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीला असते. दीर्घिकेच्या वर्णपटात ती ७२१.९ ला सापडली असं धरू. फरक ६५.६, त्याला ६५६.३ ने भागलं की ०.१ येतं. ही झाली ताम्रसृती. तिला प्रकाशवेगाने (सेकंदाला सुमारे ३,००,००० किमी) गुणा, की दूर जाण्याचा वेग मिळतो; त्याला हबल स्थिरांकाने, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाच्या दराने, भागा. तो दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) सेकंदाला ७० किमी धरला, तर सुमारे ४३० मेगापार्सेक, म्हणजे १.४ अब्ज प्रकाशवर्षं मिळतात.

हा भागाकार जवळच्या दीर्घिकांपुरता ठीक आहे. विश्वाच्या प्रसरणाचा वेग बदलत आला आहे, हे हिशेबात घेतलं की याच दीर्घिकेचं आजचं अंतर ४१८ मेगापार्सेकच्या आसपास येतं, आणि जितकं लांब जावं तितकी ही तफावत वाढते. त्यात हबल स्थिरांक कोणी ६७ धरतो, कोणी ७३. म्हणून दीर्घिकांच्या यादीत जपायची ती ताम्रसृती. अंतर काय, स्थिरांक बदलला की पुन्हा काढता येतं.

प्रश्न : लाखो दीर्घिकांचे वर्णपट एकेक करून घेतात का?

उत्तर : पूर्वी तसंच करत. आता दुर्बिणीच्या नाभीपाशी प्रकाशीय तंतू बसवतात, एका दीर्घिकेला एक तंतू. स्लोन या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणात आधी काढलेल्या छायाचित्रांवरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याला नेमक्या जागी भोकं पाडत आणि त्यांत ६४० तंतू हाताने खोचत. पुढे ते १,००० झाले. आकाशाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा पत्रा! ॲरिझोनातील किट पीकवरच्या ४ मीटर मेयॉल दुर्बिणीवर ‘डेसी’ या उपकरणाचे ५,००० छोटे यंत्रमानव आपापला तंतू स्वतःच सरकवतात. तंतूचा गाभा जेमतेम ०.१ मिलिमीटर, आकाशात सुमारे दीड विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). तो थोडा जरी बाजूला राहिला तरी प्रकाश वाया जातो. म्हणून तंतू उलट्या बाजूने उजळून, कॅमेऱ्याने त्यांच्या जागा तपासून, मगच प्रकाश घेतात.

सगळे तंतू दीर्घिकांवर लावायचा मोह मात्र टाळावा लागतो. काही मुद्दाम रिकाम्या आकाशावर ठेवतात, कारण अंधूक दीर्घिकेपेक्षा आपलं रात्रीचं आकाशच जास्त उजळ असतं आणि ते वजा केल्याशिवाय हाती काही लागत नाही. ७०० नॅनोमीटरच्या पुढे तर वातावरणातल्या हायड्रॉक्सिल (OH) रेणूच्या रेषांचं जंगल आहे. वजाबाकी किंचित चुकली की तिचा उरलेला अंश दीर्घिकेची रेषा म्हणून मिरवतो. आकाशात अगदी शेजारी दिसणाऱ्या दोन दीर्घिकांवर एकाच वेळी तंतू पोचत नाहीत, त्यामुळे गजबजलेल्या गुच्छांत गाळलेल्या जागा राहतात. त्या भरायला त्याच भागाकडे पुन्हा वळावं लागतं.

प्रश्न : आमच्या गटाने एका तेजस्वी दीर्घिकेचा वर्णपट घेतला. वेग प्रसिद्ध यादीपेक्षा सेकंदाला ८० किमीने जास्त आला, आणि सगळ्या रेषांना तेवढाच. चूक कुठे?

उत्तर : आकडाच चूक सांगतो आहे. तुमची मोजपट्टी निर्वातातल्या तरंगलांबींची आणि तुलनेची मूळ तरंगलांबी हवेतली, असं झालेलं दिसतं. एच-अल्फा हवेत ६५६.२८, निर्वातात ६५६.४६. फरक ०.१८ नॅनोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ किमी. दृश्य प्रकाशात हवेचा अपवर्तनांक फारसा बदलत नाही, म्हणून सगळ्या रेषा सारख्याच सरकल्या. दोन्हीकडे एकच पद्धत धरा.

मग उरलेला फरक बघा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्याची दुरुस्ती केली नसेल, तर सेकंदाला ३० किमीपर्यंत चूक होते. दुर्बीण कलली की वर्णपटमापकही किंचित वाकतो. त्यामुळे निऑन-आरगॉन दिव्याची नोंद दुर्बीण त्याच रोखात असताना, निरीक्षणाच्या आधी आणि नंतर घ्या. फुकटची पडताळणीही आहे : आकाशातल्या ऑक्सिजनची हिरवी रेषा हवेच्या पट्टीवर ५५७.७ लाच यायला हवी. ती ०.१ ने सरकलेली दिसली, तर तेवढ्यानेच ५४ किमीची चूक होते. शिवाय वर्णपटमापकाची प्रकाश आत घेणारी फट दीर्घिकेच्या केंद्रावर होती ना? कडेला पडली तर दीर्घिकेचं स्वतःभोवतीचं फिरणं मोजलं जाईल.

प्रश्न : वर्णपटात एकच रेषा दिसली तर ती कोणाची, हे कसं ओळखायचं?

उत्तर : घाईने नाव देऊ नये. ७४५.४ ला दिसलेली रेषा एच-अल्फा असेल तर ताम्रसृती ०.१४, पण ऑक्सिजनची ३७२.७ ची रेषा असेल तर चक्क १. एच-अल्फा असेल तर हायड्रोजनचीच दुसरी रेषा एच-बीटा ५५२ जवळ आणि ऑक्सिजनची ५००.७ ची रेषा ५६९ जवळ सापडते का ते पाहा. ३७२.७ ची रेषा मात्र मुळात जोडरेषा आहे. ताम्रसृती १ असताना तिच्या दोन धारांत सुमारे ०.५६ नॅनोमीटर अंतर पडतं, आणि उपकरणाला त्या वेगळ्या दाखवता आल्या तर एकट्या रेषेवरही भरवसा ठेवता येतो. त्या वेगळ्या होत नसतील, तर त्या दीर्घिकेपुढे प्रश्नचिन्हच ठेवावं.

प्रश्न : देवयानी दीर्घिका आपल्याकडे येते आहे. मग तिचं अंतर ऋण येणार का?

उत्तर : सूत्रात घातलं तर येईल! तिचा प्रकाश निळ्याकडे सरकलेला आहे, हे खगोलशास्त्रज्ञ स्लायफरने १९१२ मध्येच मोजलं होतं : सेकंदाला सुमारे ३०० किमी. हा तिचा स्वतःचा वेग, आणि इतक्या जवळ तो प्रसरणावर मात करतो. ३०० किमीचा असा वेग कोणत्याही दीर्घिकेच्या अंतरात सुमारे १.४ कोटी प्रकाशवर्षांची चूक घालतो. अब्जावधी प्रकाशवर्षांवर ती किरकोळ ठरते. शेजारच्या दीर्घिकांसाठी मात्र सेफीड तारे वापरावेत; त्यांचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं आणि त्या काळावरून अंतर काढता येतं. भरगच्च गुच्छांत हे वेग १,००० किमीवर जातात, म्हणून नकाशात गोल गुच्छही आपल्या दिशेने ताणलेल्या लांबट बोटांसारखा दिसतो.