अंकित, मिंधे की मुखपत्र?

सांगली जिल्ह्यातल्या विट्याहून पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने शंका विचारली आहे. आपल्या प्रकल्पात तिने ‘जिल्ह्यातील अनेक दैनिके राजकीय नेत्यांची अंकित आहेत’ असे वाक्य लिहिले होते. मार्गदर्शक सरांनी ‘अंकित’ खोडून ‘मिंधी’ केले, मैत्रिणीने ‘मुखपत्रे’ सुचवले आणि घरी वडील म्हणाले की, सरळ ‘दावणीला बांधलेली’ असे लिही. हे चारही शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि नसतील तर या वाक्यात कोणता बसेल, असा तिचा प्रश्न आहे.

माझ्या मते सरांची दुरुस्ती योग्य आहे. भाषणांत आणि अग्रलेखांत हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, पण प्रत्येक शब्द वृत्तपत्र आणि सत्ता यांच्यातले निराळे नाते सांगतो, आणि या विषयावर लिहिताना ते नाते नेमके कोणते हाच तर खरा मुद्दा असतो.

‘अंक’ म्हणजे खूण. ज्याच्यावर खूण उमटवली आहे तो अंकित. ‘नामांकित’, ‘मुद्रांकित’, ‘रेखांकित’ या शब्दांत दोषाचा लवलेशही नाही. वारकरी परंपरेत तर देवाचा अंकित म्हणवून घेणे हे भूषणच आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जतच्या बाजूला कन्नड बोलणारी गावे आहेत. त्या भाषेत हाच शब्द चांगल्या प्रतिष्ठेने नांदतो. विधेयकावर राज्यपालांची सही झाली की कन्नड वृत्तपत्रे राज्यपालांचे ‘अंकित’ पडले असे लिहितात, आणि कर्नाटकातल्या हरिदास संतकवींच्या पदाच्या शेवटी येणारी नाममुद्रा, उदाहरणार्थ पुरंदरदासांची ‘पुरंदर विठ्ठल’ ही, ‘अंकित’ म्हणूनच ओळखली जाते. मराठीत या शब्दाला खालचा सूर लागला तो राज्यकारभारातून. अंकित राजा म्हणजे मांडलिक राजा. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थाने इंग्रजी सत्तेची अंकित होती असे आपण लिहितो, तेव्हा ते वर्चस्व करारांनी ठरलेले, दोन्ही बाजूंना मान्य असलेले आणि जगाला ठाऊक असलेले होते, एवढे त्यात गृहीत असते. वरून आज्ञा येते आणि खाली ती पाळली जाते, असे हे नाते आहे.

म्हणून एखाद्या दैनिकाला ‘अंकित’ म्हणायचे असेल, तर हुकमाचा किंवा निदान मालकीचा धागा दाखवता आला पाहिजे. मालकीचा धागा शोधणे फारसे कठीण नाही. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६च्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात ‘फॉर्म नंबर ४’ नावाची एक चौकट छापावी लागे. मार्चच्या सुरुवातीचे जुने अंक चाळले, तर आतल्या पानावर, बहुधा निविदा सूचनांच्या शेजारी, ती सापडते. तीत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे, राष्ट्रीयत्व व पत्ते असतात, आणि भांडवलात एक टक्क्याहून अधिक वाटा असलेल्या भागीदारांची किंवा भागधारकांची नावेही असतात. विद्यार्थिनीने या चौकटी गोळा केल्या, तर कोणते दैनिक कुणाच्या मालकीचे हे तिला कागदावर मिळेल. मात्र मालक राजकारणात असला म्हणून प्रत्येक ओळ त्याच्या आज्ञेने छापली जाते असे होत नाही, आणि मालक राजकारणात नसला म्हणून दैनिक मोकळे असते असेही नाही. दुसऱ्या प्रकारच्या दैनिकासाठीच ‘मिंधा’ हा शब्द लागतो.

‘मिंधा’ हे फारसी ‘शर्मिंदा’चे घसरलेले रूप आहे. ‘शरमिंदा’ हा शब्दही मराठीत टिकून आहे आणि त्याचा अर्थ लाजलेला, खजील झालेला असाच राहिला. त्याच घराण्यातला ‘मिंधा’ मात्र वेगळ्या वाटेने गेला: ज्याच्यावर कुणाचे उपकार आहेत आणि त्या ओझ्यामुळे ज्याला मान वर करून बोलता येत नाही, तो मिंधा. शब्द झिजताना शरमेतला शेवटचा ‘म’ तेवढा उरला, असे गमतीने म्हणता येईल. ‘ओशाळा’ हा त्याच्या जवळचा शब्द, पण ओशाळलेला माणूस थोड्या वेळाने सावरतो. मिंधेपणा मात्र उपकार फिटेपर्यंत राहतो, आणि उपकार करणारा तो सहसा फिटू देत नाही. अलीकडे एका राजकीय आडनावाशी यमक जुळते म्हणून हा शब्द सभांमधून इतका फेकला गेला आहे की तो नुसती शिवी वाटू लागला आहे. चांगल्या कामाच्या शब्दाची अशी नासाडी झालेली पाहून वाईट वाटते.

या शब्दाचा अर्थ मला कोशापेक्षा एका रात्रपाळीत अधिक नीट कळला. सुमारे तीस वर्षांपूर्वी शाळेची नोकरी सांभाळून मी सांगलीतल्या एका छोट्या दैनिकात रात्री मुद्रिते तपासायला जात असे. सप्टेंबर महिना होता, म्हणजे साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांचा हंगाम. अशाच एका सभेची बातमी माझ्या टेबलावर आली. बातमीदाराने लिहिले होते की, विषयपत्रिकेतील पहिलाच विषय वाचला जाताच एका बाजूने ‘मंजूर, मंजूर’ आणि दुसऱ्या बाजूने ‘नामंजूर’ अशा घोषणा सुरू झाल्या, ध्वनिक्षेपक बंद पडला आणि अकरा विषय काही मिनिटांत संपले. मथळा होता ‘वार्षिक सभेत गोंधळ’. पान लावायची वेळ झाली तेव्हा मालक, म्हणजेच संपादक, स्वतः आत आले, उभ्या उभ्या मुद्रित वाचले आणि माझ्याच हातातला लाल पेन घेऊन ‘सभेत गोंधळ’वर काट मारून ‘सभा खेळीमेळीत’ असे लिहिले. घोषणांचे वाक्य गेले, ध्वनिक्षेपक गेला, अकरा विषय मात्र ‘एकमताने’ राहिले. मी विचारले, “कुणाचा फोन आला का?” ते म्हणाले, “फोन कशाला येतोय, सर? सभेची नोटीस आपल्याकडे, अहवालाची जाहिरात आपल्याकडे, दिवाळी अंकाचं मागचं पान त्यांचंच. मागचं बिल अजून यायचंय. मिंधे आहोत आपण.” एवढे बोलून त्यांनी पेन परत दिला.

ते गृहस्थ कुणाचे अंकित नव्हते. दैनिक त्यांच्या मालकीचे होते, फॉर्म नंबर ४मध्ये त्यांचेच नाव चारही जागी होते, आणि त्यांना कुणी काही सांगितलेही नव्हते. आज्ञा नसताना पेन चालला, कारण आज्ञेची गरजच उरलेली नव्हती. हा बारकावा ‘अंकित’ या शब्दात मावत नाही. (‘खेळीमेळी’ या बिचाऱ्या शब्दाचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. त्याचा मूळ अर्थ हसतखेळत, गोडीगुलाबीने असा. आता सभेच्या बातमीत तो वाचला की आमच्याकडचे सभासद एकमेकांना विचारतात, ‘खुर्च्या किती मोडल्या?’)

त्याच दैनिकाच्या नावाखाली ‘निर्भीड दैनिक’ असे शब्द छापलेले असत, आणि इथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. ‘निर्भीड’ म्हणजे न भिणारा, असे बहुतेकांना वाटते. ‘भी’ हे अक्षर तशी दिशाभूल करते. पण न भिणाऱ्यासाठी ‘निर्भय’ आहे. ‘निर्भीड’मध्ये आहे ती ‘भीड’: ओळखीची, नात्याची, उपकाराची अडचण, जिच्यामुळे समोरच्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘भीडेखातर’ आपण लग्नाला जातो, जामीन राहतो आणि नको असलेली पावती फाडतो. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण त्याच अनुभवातून आली. तेव्हा नीट पाहिले तर ‘निर्भीड’ हा शब्द ‘मिंधा’च्या बरोबर उलट आहे. ज्या कुणी पूर्वी वृत्तपत्रांसाठी हे बिरुद निवडले, त्याला तालुक्याच्या ठिकाणी पत्र चालवताना काय आड येते याची पुरेपूर कल्पना असावी. तुरुंगापेक्षा तिथे भीड अधिक वेळा आड येते.

मदत घेतली की माणूस मिंधा झालाच, असे मात्र समजू नये. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपणीचे शिक्षण साताऱ्यात झाले. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले, तेव्हा शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. ती मदत सर्वांना ठाऊक होती आणि ज्या कार्यासाठी दिली त्याच कार्यासाठी पत्र निघत होते. अशा नात्याला मराठीत ‘आश्रय’ म्हणतात. उपकार मत बदलायला लावू लागला, किंवा मत गिळायला लावू लागला, की मगच ‘मिंधेपणा’ सुरू होतो.

‘मुखपत्र’ हा शब्द या प्रकरणात निष्कारण बदनाम झाला आहे. पक्षाचे किंवा संस्थेचे म्हणणे तिच्याच तोंडाने मांडणारे पत्र ते मुखपत्र. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढलेल्या ‘दीनबंधु’ला सत्यशोधक चळवळीचे मुखपत्र म्हणतात, तेव्हा त्यात आदरच असतो. वाचकाला आधीच माहीत असते की हे कुणाचे तोंड आहे, म्हणून फसवणूक होत नाही. जे पत्र स्वतःला निःपक्ष म्हणवते आणि एकाच्याच तोंडाने बोलते, त्याला ‘मुखपत्र’ म्हणणे हा शब्दावरचा अन्याय होईल. म्हणून मैत्रिणीची सूचना स्वीकारता येत नाही.

वडिलांचा ‘दावणीला बांधलेली’ हा शब्दप्रयोग चित्र म्हणून सर्वांत ठसठशीत आहे, आणि खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जत्रेत खिलार बैलांच्या रांगा पाहिलेल्या माणसाच्या तोंडून तो सहज येणारच. पण त्यातही एक भेद आहे. एका जनावराच्या गळ्यातली दोरी ते ‘दावे’. अशी अनेक दावी ज्या लांब दोरावर ओळीने बांधतात ती ‘दावण’. संस्कृत ‘दामन्’ म्हणजे दोर, त्या कुळातले हे दोन्ही शब्द आहेत. तेव्हा ‘दावणीला बांधणे’ यात एकटेपणा नाही, रांग आहे: पुढ्यात वैरण आहे आणि शेजारी त्याच धन्याची आणखी जनावरे आहेत. एकाच नेत्याकडे दूध संघ, पतसंस्था, महाविद्यालय आणि दैनिक असेल, तर त्या दैनिकाला दावणीचे म्हणणे अचूक ठरेल. जाहिरातीच्या आशेवर जगणारे स्वतंत्र मालकीचे दैनिक मात्र दावणीला नसते. ते मोकळे सुटलेले असते आणि वैरणीच्या वेळेला आपल्या पायांनी गोठ्याकडे येते. शिवाय प्रकल्पासारख्या लेखनात माणसांना जनावरांची उपमा शक्यतो टाळावी.

आता उरतो तो ज्याच्या हातात पेन असतो त्याचा शब्द. ‘संपादन’ म्हणजे मिळवणे, सिद्धीस नेणे. म्हणून सरकार भूसंपादन करते आणि आपण विश्वास संपादन करतो. पूर्वी संपादकाला ‘पत्रकर्ते’ असेही म्हणत, आणि शेजारच्या गुजरातीत आजही त्याला ‘तंत्री’ म्हणतात. वृत्तपत्रांच्या १८६७च्या ‘प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स’ म्हणजे पीआरबी कायद्यात, जो २०२३च्या नव्या कायद्याने १ मार्च २०२४पासून मागे पडला, संपादकाची व्याख्या छापल्या जाणाऱ्या मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण असते ती व्यक्ती, अशी होती. म्हणूनच अनेक दैनिकांच्या शेवटच्या ओळीत संपादकाच्या नावापुढे तारांकन (*) करून खाली ‘पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी’ असे बारीक अक्षरांत छापलेले दिसे. ‘निवड’ हा त्यातला कळीचा शब्द. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर हे ‘केसरी’चे पहिले संपादक. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा १८८७ साली त्यांनी ती खुर्ची सोडली आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. निवड आपल्या हाती राहत नसेल तर पदही नको, असा तो हिशेब होता. माझ्या त्या रात्रीच्या मालकांना सोडायला दुसरी खुर्ची नव्हती, हेही खरे.

विद्यार्थिनीच्या वाक्याकडे परत येतो. ‘मिंधा’ हे विशेषण काळा-काळी-काळे यांसारखे चालते, म्हणून ‘दैनिके’ या नपुंसकलिंगी अनेकवचनापुढे ‘मिंधी’ हेच रूप बरोबर आहे. ‘मिंधे आहेत’ असे लिहिले तर ते विशेषण संपादकांकडे जाईल. कशामुळे मिंधी, हेही वाक्यात आले तर बरे, कारण या शब्दाला कारणाची तृतीया शोभते: ‘जाहिरातींनी मिंधी झालेली’. ज्या दैनिकांच्या बाबतीत मालकीच राजकीय आहे त्यांच्यासाठी ‘अंकित’ राखून ठेवावा, तोही फॉर्म नंबर ४चा अंक आणि तारीख सोबत देऊन. आणि ‘अनेक’ हा शब्द काढून तिथे तिने प्रत्यक्ष किती दैनिके तपासली तो आकडा घालावा.