गव्हाच्या काडावर युरिया प्रक्रिया करावी का?

प्रश्न : माझ्याकडे दोन संकरित गाई आहेत. यंदा ज्वारी कमी पेरल्यामुळे कडबा थोडाच आहे. गव्हाचे काड आणि सोयाबीनचे भुसकट मात्र भरपूर आहे. युरियामुळे काड पौष्टिक होते असे सांगतात, पण युरिया खाऊन जनावर दगावल्याचेही ऐकले आहे. काय करावे?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गव्हाच्या काडात प्रथिने जेमतेम 3 टक्के असतात आणि त्यातील तंतुमय भाग लिग्निनने (काडाला कडकपणा देणाऱ्या, न पचणाऱ्या घटकाने) जखडलेला असल्यामुळे तो गाईच्या पोटात नीट पचत नाही. ओल्या काडात युरिया मुरला, की त्यापासून अमोनिया वायू तयार होतो. तो ही पकड सैल करतो आणि त्यातील काही नत्र काडातच राहिल्याने कच्च्या प्रथिनांचे (म्हणजे नत्रावरून मोजलेल्या एकूण प्रथिनांचे) प्रमाण 7 टक्क्यांच्या आसपास जाते.

त्यासाठी 100 किलो कोरड्या काडाला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडावा. प्रत्येक थर पायाने घट्ट दाबावा आणि ढीग प्लास्टिकने हवाबंद झाकून 21 दिवस ठेवावा. युरिया वजन करूनच घ्यावा. ओंजळीच्या अंदाजाने घेणारे बरेच जण असतात आणि धोका तिथूनच सुरू होतो. उघडल्यावर लागेल तेवढेच काड काढून, उग्र वास ओसरेपर्यंत पसरून ठेवावे. पहिले आठ-दहा दिवस ते नेहमीच्या चाऱ्यात थोडे थोडे मिसळून द्यावे. बुरशी लागलेला भाग फेकून द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना हे काड मुळीच देऊ नये, कारण त्यांचे पोट अजून रवंथाला पुरते तयार झालेले नसते. चाऱ्यावर ऐनवेळी कोरडा युरिया भुरभुरणे किंवा उरलेले द्रावण गोठ्यात उघडे ठेवणे, यातूनच विषबाधा होते. जनावराची लाळ गळू लागली, पोट फुगले किंवा तोल जाऊ लागला, तर पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे.

सोयाबीनच्या भुसकटावर ही प्रक्रिया करण्याची गरज नाही, कारण कडधान्यवर्गीय पिकाच्या भुसकटात मुळातच नत्र जास्त असते. कडब्यालाही युरिया लावू नये. त्याची कुट्टी करावी. अख्ख्या पेंढीतले जाड धांडे गाय गव्हाणीत तसेच टाकते आणि महागाचा कडबा शेणात जातो. प्रक्रिया केलेल्या काडात 'अ' जीवनसत्त्व नसल्यामुळे थोडा हिरवा चारा, रोज सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि दुधाच्या प्रमाणात पेंड चालूच ठेवावी.