बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ २६०० आहे. कमी बजेटमध्ये कोणता प्रोसेसर आणि कूलर घेऊ?

मदरबोर्ड आणि रॅम बदलू नका, पैसे तिथेच वाचतात. तुमच्या बोर्डच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) रायझन ५ ५६०० सरळ बसतो. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट. कोरची संख्या तुमच्या २६०० इतकीच आहे, पण एकेक कोर बराच वेगवान, त्यामुळे गेममध्ये फरक लगेच जाणवतो. फक्त जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. आधी काढलात तर नव्यावर स्क्रीन काळीच राहण्याची शक्यता आहे.

कूलरचं म्हणाल तर ५६०० च्या खोक्यात रेथ स्टेल्थ हा छोटा कूलर येतो. आवाज थोडा करतो, पण काम भागतं. तो सोसवत नसेल तर १२० मिमी पंख्याचा साधा सिंगल टॉवर (एकाच उभ्या धातूच्या ठोकळ्याचा कूलर) घ्या. आधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते बघा, नाहीतर झाकण लागणार नाही. ६५ वॅटसाठी लिक्विड कूलर म्हणजे निव्वळ हौस. त्याहून वरच्या रायझन ७ ५८००एक्सकडे वळलात तर मात्र वेगळा कूलर घ्यावाच लागेल, तो १०५ वॅटचा आहे आणि सोबत कूलर मिळत नाही.

जुना कूलर सरळ वर ओढू नका. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटूनच वर येतो (माझा आला होता, दोन पिना वाकल्या). दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सुटा करा. नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरे. रेथ स्टेल्थला ती आधीच लावलेली असते.