मास्कमधलं पाणी, कासवाचा श्वास आणि चिडका मासा

प्रश्न: तारकर्लीला स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं) करताना मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं आणि काचही धुरकट होत होती. पट्टा आवळून पाहिला, फरक पडला नाही. जानेवारीत लक्षद्वीपला जातोय. स्वतःचा मास्क घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: घ्या, पण दुकानात लावून बघितल्याशिवाय नको. पट्टा मागे न ओढता मास्क नुसता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत घ्या आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. पट्टा आवळला की सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती वाढते, म्हणून तो जेमतेम बसेल एवढाच ठेवा. कडेखाली केसांची बट अडकली किंवा मिशी असली तरी पाणी येतं. मिशी सगळी काढायला नको. नाकालगतची बारीक पट्टी तासली तरी बहुतेकांचं भागतं.

नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर राहतो, धुकं त्यावर धरतं. साधी पांढरी टूथपेस्ट आतल्या बाजूने बोटाने दोन-तीन मिनिटं चोळून धुवा. हे दोनतीनदा करा. उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब पसरून ओझरतं विसळायचं. थुंकीही चालते, नाक मुरडू नका. मास्क कपाळावर सरकवून ठेवला की घामाची वाफ आत जाते, तेव्हा मधल्या वेळात तो गळ्यात घाला. आणि श्वास तोंडानेच सोडा. नाकाने सोडलेला गरम श्वास थेट काचेवर जातो.

तरी पाणी आलंच, तर मान थोडी वर करा, मास्कची वरची कड कपाळावर दाबा आणि नाकाने फुंकर मारा. पाणी खालून निघून जातं. कमरेइतक्या पाण्यात पाच-सहा वेळा सराव केलात की प्रवाळावर घाबरायला होत नाही.

प्रश्न: माझा चष्मा उणे साडेतीनचा आहे. मासे दिसतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, सहसा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, त्यामुळे उणे तीननेही काम भागतं. सिलिंड्रिकल नंबर मात्र या तयार काचांत नसतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरणं टाळाच. समुद्राचं पाणी डोळ्यात गेलं की जंतुसंसर्गाची भीती असते.

प्रश्न: लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाजवळ उथळ पाण्यात कासवं दिसतात म्हणे. किती जवळ जावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दिसतात. हिरवी कासवं तिथे समुद्रगवत चरायला येतात. तीन मीटर अंतर ठेवा आणि मागून किंवा वरून न जाता बाजूने राहा. कासवाला श्वासासाठी पृष्ठभागावर यावंच लागतं. तुम्ही बरोबर त्याच्या डोक्यावर तरंगत असाल, तर ते वर येणं लांबवतं आणि दमतं. त्याने चरणं थांबवलं किंवा वल्ह्यांसारखे पाय जोरात मारायला लागलं, की समजा तुम्ही फार जवळ गेलात. हात छातीशी घेऊन, फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) न हलवता आडवं पडून राहिलात, तर पुष्कळदा तेच जवळून जातं.

हात लावून फोटो काढायचा मोह आवरा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्री कासवं आणि कठीण प्रवाळं दोन्ही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही पिशवीत टाकायचा नाही.

प्रश्न: प्रवाळात एखादा मासा अंगावर येतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बहुतेक पळ काढतात. अपवाद टायटन ट्रिगरफिश या प्रवाळातल्या मोठ्या माशाचा. घरट्यात अंडी असली की तो चावायला धावतो, आणि दात दणकट. पाठीवरचा काटा उभा करून समोर आला, तर तो इशारा समजा. तो जपत असलेला इलाका घरट्यापासून वर रुंदावत जाणाऱ्या शंकूसारखा असतो, म्हणून वर गेलात तरी तुम्ही त्याच्याच हद्दीत. त्याच्याकडे तोंड ठेवून, फिन्स तुम्हा दोघांच्या मध्ये धरून आडवं बाजूला सरका.